ऊसतोडीचा सीझन, बुबुळाचा अल्सर आणि डोळ्यांचे शिकाऊ डॉक्टर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की तुमच्या पेपरात रोज काही ना काही येतं, एफआरपी, पहिली उचल, आंदोलन, ट्रॉल्यांचे अपघात, आणि ते यायलाच पाहिजे. पण याच महिन्यांत आमच्या डोळ्यांच्या ओपीडीत जे पेशंट येतात त्यांच्याबद्दल एक ओळ कधी वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजात डोळ्यांचा विषय शिकवते. पत्र तुमच्या नावाने आहे पण ते मुख्यतः त्या मुलामुलींसाठी आहे जी आत्ता एमएस, डीएनबी नाहीतर डिप्लोमा करतायत आणि पास झाल्यावर बॉण्डसाठी कुठल्यातरी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन बसणार आहेत. ती सगळी पेपर वाचतात, निदान मोबाइलवर तरी, आणि त्यांचे आईवडील तर नक्कीच वाचतात.

आजार म्हणजे कॉर्नियाचा अल्सर, त्यातही बुरशीमुळे होणारा. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा तो पारदर्शक पडदा, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यात रक्तवाहिनी एकही नाही. सगळ्यात वरचा पातळ थर शाबूत आहे तोपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. उसाच्या पात्याच्या कडेला बारीक दाते असतात, ते डोळ्याला लागलं की तो थर खरचटतो, आणि पात्यावर, पाचटात, मातीत ज्या बुरशा कायमच्या राहतात, फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस वगैरे, त्या थेट जखमेत जाऊन बसतात. फक्त ऊसच असं नाही, ज्वारीची काढणी, सोयाबीनची मळणी, कोकणात भाताची झोडणी, सगळीकडे हेच, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त बघायला मिळतात ते ऊसतोड कामगार.

बीड, जालना, अहिल्यानगर कडून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे अंधारातच फडात उतरायचं, अंधारात पातं दिसत नाही आणि डोळ्यावर चष्मा-गॉगल काही नसतो. लागलं की पदराच्या टोकाने पुसायचं, कुणीतरी कोपीवर एरंडेल घालतं, कुणी मध, कुणी बाळंतिणीचं दूध, आणि काम चालू, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, खाडा केला की पैसे कापले जातात. तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक अख्खा दिवस बुडाला आणि नवराबायकोपैकी एक गेलं तर दुसऱ्याचंही काम थांबतं. त्यामुळे ही माणसं पहिल्या दिवशी आपल्याकडे येत नाहीत हा त्यांचा निष्काळजीपणा आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्यांना यायला वाटच ठेवलेली नाही.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही, तेव्हा बाजाराच्या दिवशी मेडिकलमध्ये जातात आणि "डोळा आलाय, ड्रॉप द्या" म्हणतात. आणि समोरून जी बाटली मिळते ती पुष्कळदा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली असते. कधी ती एखादा गावातला डॉक्टरच लिहून देतो. ती घातल्यावर दोन दिवस फार बरं वाटतं, लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस पुन्हा फडात. स्टिरॉइड काय करतं तर सूज आणणारी शरीराची जी स्वतःची फौज आहे तिलाच गप्प बसवतं, म्हणजे लाली जाते पण बुरशी मात्र मोकळी सुटते आणि कॉर्नियात खोल खोल जात राहते. आठ-दहा दिवसांनी जेव्हा तो पेशंट आमच्यासमोर डोळा तपासायच्या मशीनला, स्लिट लॅम्पला, हनुवटी टेकवतो तेव्हा बुबुळावर पांढरा चट्टा, आत खाली पू साठलेला आणि नजर फक्त हात हलवलेला कळण्यापुरती. हे औषध शेड्यूल एच मधलं आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायचं नाही असं बाटलीच्या खोक्यावरच छापलेलं असतं. तरी ते साध्या डोकेदुखीच्या गोळीसारखं मिळतं आणि अन्न व औषध प्रशासनाने एकदा सीझनच्या तोंडावर फक्त ऊसपट्ट्यातल्या दुकानांमध्ये जाऊन हे तपासावं अशी माझी कळकळीची मागणी आहे.

हा आजार किती मोठा आहे ते सांगते. २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० च्या पुढच्या लोकांमध्ये आंधळेपणाचं पहिलं कारण अर्थातच मोतीबिंदू निघालं, साधारण ६६ टक्के. पण ५० च्या आतल्या लोकांमध्ये पहिलं कारण मोतीबिंदू नाही, तिथे कॉर्नियावरचं फूल, म्हणजे पांढरा डाग, पहिलं आहे, ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जे वय कमावण्याचं, मुलं वाढवण्याचं, त्या वयात. आणि मोतीबिंदू काढून लेन्स टाकली की त्या म्हातारीला दुसऱ्या दिवशी दिसतं, फुलाचं तसं नाही, एकदा मधोमध डाग पडला की तो राहिला, मग एकतर कॉर्निया बदलायचा नाहीतर तसंच जगायचं. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलने १९९७ मध्ये त्यांच्याकडच्या अल्सरचा अभ्यास छापला होता, तीन महिन्यांत ४३४ पेशंट, त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना आधी डोळ्याला काहीतरी लागलेलं होतं, आणि ज्यांच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवायला ठेवलेल्या नमुन्यात, जंतू उगवले त्यांच्यात बुरशी आणि बॅक्टेरिया साधारण निम्मे निम्मे. परदेशी पुस्तकात मात्र कॉर्नियल अल्सर म्हटलं की पहिल्या पानावर कॉन्टॅक्ट लेन्स आणि स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया येतो. आपली मुलं तीच पुस्तकं वाचून परीक्षा देतात, मग ओपीडीत समोर ऊसतोड करणारी बाई आली की हात आपोआप मॉक्सिफ्लॉक्सासिन, म्हणजे बॅक्टेरियावरचं औषध, लिहायला जातो.

तर मुलांनो, तुमच्याशी बोलायचं ते इथून पुढे.

हिस्टरी नीट घ्या. काय लागलं, कधी लागलं, आणि आजपर्यंत डोळ्यात काय काय घातलं. "काही नाही घातलं" असंच पहिलं उत्तर येतं, ओरडू नका, "मावशी, घरी जी बाटली असेल ती उद्या आणा नाहीतर मुलाला फोटो पाठवायला सांगा" असं म्हणा, बाटली बघितल्यावर निम्मं कोडं सुटतं. साखर तपासा, किती जणांना डायबिटीस आहे हे त्यांना तुमच्याकडेच पहिल्यांदा कळतं. आधी नजर मोजा आणि लिहून ठेवा. कॉर्नियाला स्पर्श कळतो का ते, बधिर करणारा ड्रॉप घालण्याच्या आधी, कापसाच्या टोकाने बघा, नंतर बघून काही उपयोग नाही, आणि हर्पिसचा अल्सर असला तर तो नजरेतून निसटण्याची पहिली जागा हीच. वरची पापणी उलटवून बघा, कुसळ अजून तिथेच अडकलेलं सापडतं आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्निया घासत असतं. नाकाजवळच्या अश्रुपिशवीवर हलकं दाबून पू येतो का बघा, गावाकडे लासरू म्हणतात ते, ते तसंच ठेवलं तर वरून कितीही ड्रॉप घाला, खालून जंतूंचा पुरवठा चालूच राहतो. मग जखम रंगवणारी फ्लोरेसिनची पट्टी, निळा उजेड, आणि अल्सर दोन दिशांनी मोजा. आणि चित्र काढा. मोबाइलचा फोटो जरूर ठेवा पण हाताने रंगीत चित्र काढा, घुसलेला भाग पिवळा, वरचा थर गेलेला हिरवा, सूज निळी, रक्तवाहिन्या लाल. मी जुन्या पद्धतीची आहे म्हणून नाही सांगत, चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटो क्लिक करताना बघत नाही.

बुरशीचा अल्सर ओळखायच्या खुणा तुम्हाला पाठ असतील, पिसासारखी विस्कटलेली कड, कोरडा खरखरीत उंचावलेला पृष्ठभाग, मोठ्या डागाच्या आजूबाजूला छोटे छोटे वेगळे डाग, आतल्या बाजूला चिकटलेला पांढरा थर. पण या खुणांवर विसंबून औषध सुरू करणं हा जुगार आहे, चांगल्या चांगल्या कॉर्नियाच्या तज्ज्ञांचाही अंदाज नुसत्या नजरेने पुष्कळदा चुकतो, त्यातून आधी कुणी स्टिरॉइड घातलं असेल तर सगळ्या खुणा पुसट होतात. म्हणून अल्सर खरवडून निघेल ते मायक्रोस्कोपखाली बघा. त्याच दिवशी खरवडा. पेशंट शनिवारी दुपारी आला तरी खरवडा.

यात अवघड काही नाही हे मला ठासून सांगायचंय, कारण मी बघते की दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट फेकोच्या, म्हणजे मोतीबिंदू काढायच्या, मशीनवर हात बसवायला रात्री थांबतो पण स्क्रेपिंग, म्हणजे हे खरवडणं, म्हटलं की सिनियरकडे बघतो. बधिर करायला प्रोपॅराकेनचा ड्रॉप, लिग्नोकेन शक्यतो नको कारण त्याने कल्चर नीट उगवत नाही. स्लिट लॅम्पवरच, पापणीला स्पेक्युलम, १५ नंबरचं ब्लेड किंवा किमुरा स्पॅच्युला. वर साठलेला चिकट थर आधी बाजूला करा, तो तपासायला घेऊन काही मिळत नाही, मग अल्सरची कड आणि तळ दोन्हीकडून घ्या. कॉर्निया पातळ झालाय असं वाटलं तर मात्र सिनियरला बोलवा, तिथे धाडस करायचं नाही. पहिलं मटेरियल दोन स्लाइडवर, एक ग्रॅमच्या रंगासाठी आणि एक केओएचसाठी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी), मग जंतू वाढवायच्या प्लेट्सवर, ब्लड अगार, चॉकलेट अगार आणि सॅबुरो किंवा पोटॅटो डेक्स्ट्रोज, सी आकाराच्या रेघा ओढा म्हणजे रेघेवर उगवलं ते आपलं आणि रेघेबाहेर उगवलं ते हवेतून पडलेलं असं कळतं. स्लाइडवर १० टक्के केओएचचा एक थेंब, कव्हरस्लिप, काही मिनिटं थांबा, मायक्रोस्कोपचा उजेड कमी करा, आधी लो पॉवर मग ४० एक्स. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले धागे दिसतात. कापसाचा तंतू आणि बुरशीचा धागा यातला फरक पहिल्या काही स्लाइड्समध्ये फसवतो, नंतर नाही फसवत. सरावलेल्या नजरेला बहुतेक बुरशीच्या केसेसमध्ये उत्तर तिथल्या तिथे मिळतं, कल्चरला मात्र दोन-तीन दिवस ते आठवडाही लागतो आणि काही बुरशा त्याहून उशिरा येतात.

सांगा, या सगळ्यात महाग काय आहे? मायक्रोस्कोप प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे, मलेरियाच्या स्लाइड बघायला ठेवलेलाच असतो. केओएच म्हणजे १०० मिली पाण्यात १० ग्रॅम. ब्लेड आहे, स्लाइड आहे. कमी आहे ती बघायची सवय, आणि ती सवय पीजीच्या तीन वर्षांत लागली नाही तर पुढे कुणी लावत नाही.

इथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती माझ्यासकट आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांबद्दल आहे. रेसिडेंटच्या लॉगबुकात मोतीबिंदूच्या केसेस किती झाल्या हे आम्ही विचारतो, एसआयसीएस किती, फेको किती, स्वतंत्र किती, असिस्ट किती. मुलं एकमेकांना तेच विचारतात आणि सीट घेतानासुद्धा कुठल्या कॉलेजात ऑपरेशनला हात जास्त मिळतो हेच बघतात. मोतीबिंदूला मी कमी लेखत नाही, १९७६ पासून देशाचा अंधत्व निवारण कार्यक्रम मुख्यतः त्याच जोरावर चाललाय आणि लाखो लोकांना त्याने नजर परत दिली. पण त्या लॉगबुकात स्वतः खरवडलेले अल्सर किती, स्वतः वाचलेल्या केओएच स्लाइड्स किती, शेवटपर्यंत फॉलोअप केलेले अल्सर किती, हे रकाने सक्तीचे का नाहीत? प्रॅक्टिकल परीक्षेला एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि विद्यार्थ्याला शांतपणे वाचू द्या. परीक्षेला येणार म्हटलं की वर्षभर सगळे मायक्रोस्कोपजवळ दिसतील, आपणही विद्यार्थी असताना तसेच होतो. आणि डोळ्यांच्या विभागात स्वतःचा एक मायक्रोस्कोप ओपीडीच्या शेजारच्या खोलीत ठेवा, मायक्रोबायोलॉजी दुसऱ्या इमारतीत आणि चार वाजता बंद, या कारणाने कुणाचा डोळा जाता कामा नये.

आता औषध. धागे दिसले की नाटामायसिन ५ टक्के, बुरशीवरचे थेंब. हे जुनं औषध आहे, अमेरिकेत १९७८ पासून मान्य आहे, आणि नवीन औषधं आली की जुनं विसरायची आपल्याला सवय आहे म्हणून मुद्दाम सांगते की व्होरिकोनाझोल आल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की हेच आता चालणार, आत जास्त शिरतं, प्रयोगशाळेत चांगलं दिसतं. मग अरविंदच्या हॉस्पिटलांत मट नावाची ट्रायल झाली, ३२३ पेशंट, २०१३ मध्ये निकाल छापला, त्यात नाटामायसिनवाल्यांची नजर जास्त चांगली राहिली आणि डोळे कमी फुटले. फ्युजेरियममध्ये तर फरक साधारण चार ओळींचा होता, म्हणजे नजर तपासायच्या तक्त्यावर चार ओळी. ही आपल्या देशातल्या, आपल्यासारख्याच शेतकरी पेशंटवर झालेली ट्रायल आहे. मग दुसरी मट झाली, गंभीर अल्सरमध्ये तोंडाने व्होरिकोनाझोलची गोळी जोडून बघितली, २४० पेशंट, २०१६, एकंदरीत फायदा दिसला नाही. तरीही मी अजून प्रिस्क्रिप्शनं बघते ज्यात एकाच डोळ्यात नाटामायसिन, व्होरिकोनाझोल, मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, वरून दोन प्रकारच्या गोळ्या. मजुराची आठवड्याची कमाई त्यात जाते, आणि इतके ड्रॉप्स घालून कॉर्नियाचा वरचा थर भरूनच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नाटामायसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्याकडे ते प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या फार्मसीत सीझनच्या आधी येऊन पडलं पाहिजे.

नाटामायसिन लिहून देणं सोपं, ते डोळ्यात जाणं कठीण, आणि ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेली नाही. पहिला आठवडाभर जागेपणी दर तासाला एक थेंब, बाटली हलवून, कारण औषध खाली बसतं. फडावरच्या कोपीत कोण दर तासाला थेंब घालणार? म्हणून मी म्हणते अ‍ॅडमिट करा. बेड नाही म्हणून परत पाठवू नका, वरवर बघून गंभीर नाही असं वाटलं तरी पहिले काही दिवस अ‍ॅडमिट करा, आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला एक तक्ता काढून द्या, वाचता येत नसेल तर घड्याळाची चित्रं काढून. नाटामायसिन फार आत शिरत नाही म्हणून वर साठलेला थर अधूनमधून परत खरवडावा लागतो, त्याने औषध आत जातं आणि बुरशीचा भारही कमी होतो. दुखणं कमी करायला अ‍ॅट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय का लक्ष ठेवा. डोळा पट्टीने बांधून ठेवू नका. आणि सुधारणा हळू येते, तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून औषध बदलू नका. कड बोथट होतेय का, बाजूचे छोटे डाग जातायत का, दुखणं कमी झालं का, हे बघा. वरचा थर भरून आला म्हणजे बुरशी गेली असं समजून औषध थांबवलं तर ती खालून परत डोकं काढते, औषध काही आठवडे चालवावं लागतं. आणि लाली राहिली म्हणून मध्येच स्टिरॉइड, हे बुरशीत अजिबात नाही. काही मुलं मला स्कट ट्रायल सांगतात, ५०० पेशंट वगैरे. ती ट्रायल कल्चरमध्ये सिद्ध झालेल्या बॅक्टेरियाच्या अल्सरची होती, आधी ४८ तास अँटिबायोटिक देऊन मग स्टिरॉइड, आणि तिथेही तीन महिन्यांनी एकंदर नजरेत फरक पडला नाही. तिचा आधार घेऊन खरवडल्याशिवाय स्टिरॉइड लिहिणं म्हणजे ट्रायल न वाचणं.

नाटामायसिनने बरं होत नसेल तर डोस वाढवायच्या आधी स्वतःला विचारा की हे नक्की बुरशीच आहे का. पिथियम नावाचा जीव आहे, मायक्रोस्कोपखाली बुरशीसारखाच दिसतो पण बुरशी नाही, ज्यावर आपली औषधं काम करतात तो एर्गोस्टेरॉल त्याच्या पडद्यात नसतो, म्हणून त्याला लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात आणि पुष्कळदा ऑपरेशनच लागतं. गोल रिंग दिसतेय, दुखणं अल्सरच्या मानाने फार जास्त आहे, डोळ्यात विहिरीचं किंवा डबक्याचं पाणी गेल्याची हिस्टरी आहे तर अकँथअमीबा नावाचा अमीबा, त्याच केओएचमध्ये दुहेरी भिंतीच्या गाठी दिसतात, बघायची आठवण पाहिजे. नोकार्डिया नावाच्या बॅक्टेरियाला अ‍ॅमिकासिन. ही सगळी नावं एमसीक्यूसाठी पाठ असतात, ती मायक्रोस्कोपला जोडली गेली पाहिजेत.

आणि वेळ निघून गेलेली असेल, डोळा फुटायला आलेला किंवा फुटलेला असेल तर आणखी वेळ दवडू नका, छोटं भोक असलं तर ग्लू आणि बँडेज लेन्सने वेळ मिळतो, मोठं असेल तर डोळा वाचवण्यासाठी कॉर्निया बदलावा लागतो. त्यासाठी कॉर्निया लागतो आणि तो फक्त मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच मिळतो. वाचकांना या निमित्ताने सांगते, मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला फोन करा, डोळे ६ तासांच्या आत काढावे लागतात, तोपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचे, डायबिटीसवाल्यांचे डोळेही चालतात.

हे सगळं जखम झाल्यानंतरचं. जखम झाल्या झाल्या काय करता येईल यावर नेपाळमध्ये भक्तपूरला एक सुंदर काम झालं होतं, २००१ मध्ये छापलं गेलं. गावातल्या आरोग्यसेवकांना शिकवलं, डोळ्याला खरचटलं की १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही, जे एक दिवस उलटल्यावर आले त्यांच्यात मात्र पुष्कळांना झाला. पुढे नेपाळमध्येच याच कल्पनेवर मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये आली, त्यात गावांच्या पातळीवर अल्सर कमी झाल्याचं दिसलं नाही. मला यातून असं वाटतं की मलम चुकीचं नाही, पण लोक वेळेवर त्या सेवकापर्यंत पोचले पाहिजेत आणि जे सुटतील त्यांच्यासाठी हॉस्पिटलात बसलेला डॉक्टर तयार पाहिजे. एकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

आपल्याकडे टोळी कुठे आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोज माहीत असतं, कुठल्या गटात कुठला फड चालू आहे ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. मग तोडणीच्या आधी प्रत्येक कोयत्यामागे दोन साधे पारदर्शक गॉगल देणं कारखान्यांना जड नाही. घामाने धुकं धरतं म्हणून लोक काढून ठेवतात हे मला माहीत आहे, म्हणून बाजूने हवा जाणारे घ्यावेत आणि आधी एका टोळीला वापरायला देऊन त्यांनाच विचारावं. मुकादमांच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं आशाताईंना बोलू द्यावं, डोळ्याला लागलं की स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, एरंडेल-मध-दूध काही नको, मेडिकलमधून ड्रॉप नको, त्याच दिवशी दवाखाना. आणि त्या दिवसाचा खाडा कापू नका हे कारखान्याने मुकादमाला सांगावं, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं सगळं केलं आणि हे नाही केलं तर कुणी येणार नाही.

गेल्या सीझनला आमच्याकडे एक तिशीतली ताई आली होती, दोन लहान मुलं, उजव्या डोळ्यात पाचट गेलं होतं. उपजिल्हा रुग्णालयात बॉण्डवर असलेल्या एका मुलीने लागल्यापासून तिसऱ्याच दिवशी तिला बघितलं, तिथल्याच लॅबच्या मायक्रोस्कोपवर केओएच केलं, धागे दिसले, आणि नाटामायसिनची बाटली स्वतःच्या पैशाने आणून पहिला थेंब घालून मगच आमच्याकडे पाठवलं, चिठ्ठीत अल्सरचं रंगीत चित्र काढून. डाग राहिला पण बाजूला राहिला, नजर ६/१२ आहे. त्या मुलीने फेको किती केले मला माहीत नाही. तिच्यासारखे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात एक जरी असले तरी माझं म्हणणं पूर्ण झालं, फक्त पुढच्या वेळी तिला बाटली स्वतःच्या खिशातून आणावी लागू नये, आणि त्यासाठी आरोग्य खात्याने ऊसपट्ट्यातल्या जिल्ह्यांची नाटामायसिनची मागणी गाळप सुरू व्हायच्या आधी नोंदवावी एवढी विनंती तुमच्या पेपरमधून त्यांच्यापर्यंत जावी.

ज्या बॉण्डवरच्या मुलांना स्लाइड बघायला शिकायचंय त्यांनी आपल्या जवळच्या मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात एक शनिवार जाऊन बसावं, कुणी नाही म्हणणार नाही.

आपली,
नेत्रविभागातली एक शिक्षिका,
पश्चिम महाराष्ट्र